चांदीच्या अतिपातळ नॅनोप्लेट्स पहिल्यांदा बनवताय? कोल्हापूरच्या लॅबमधून सगळं पायरी पायरीनं

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला हा विषय मिळाला तेव्हा मराठीत सोडाच, इंग्रजीतसुद्धा "नेमकं हातानं काय करायचं" हे नीट लिहिलेलं सापडत नव्हतं. पेपरमध्ये चार ओळींची रेसिपी असते आणि त्या चार ओळींनी माझे तीन महिने खाल्ले. यंदा आमच्या लॅबला नवीन पोरं आली आणि परत तेच प्रश्न विचारायला लागली, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकूया.

आधी पातळ म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा. महाद्वार रोडवरच्या दुकानात काजूकतलीवर वर्ख असतो ना, फुंकर मारली की उडतो, तो वर्खसुद्धा काहीशे नॅनोमीटर जाड असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). आपण बनवणार आहोत त्या त्रिकोणी चकत्या, म्हणजेच नॅनोप्लेट्स, असतात ४ ते ७ नॅनोमीटर जाडीच्या. चांदीच्या अणूंच्या दोन थरांमधलं अंतर ०.२३६ नॅनोमीटर, म्हणजे ४ नॅनोमीटरमध्ये जेमतेम १७ थर बसतात. जगात लोक याच्याही खाली गेलेत: २०११ मध्ये चीनमधल्या शियामेनच्या ग्रुपनं पॅलेडियमचे १.८ नॅनोमीटरचे पत्रे केले, २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला सोन्याचे ०.४७ नॅनोमीटरचे म्हणजे दोन अणू जाडीचे, आणि २०२४ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगला सोन्याचा एकाच अणूचा थर, त्याला गोल्डीन म्हणतात. पण पॅलेडियमच्या त्या पद्धतीत कार्बन मोनॉक्साइड गॅस लागतो, तो जीवघेणा आहे, नवीन माणसानं त्या वाटेला जाऊच नका. सुरुवात चांदीपासून करा. पाण्यात होते, रूम टेंपरेचरला होते, आणि चुकलं की रंगच सांगतो.

१. हात लावायच्या आधी: काय काय लागतं

केमिकल्स पाच: सिल्व्हर नायट्रेट, ट्रायसोडियम सायट्रेट, पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा एक पॉलिमर; २९,००० रेणुभाराचा, नाहीतर के-३० म्हणून मिळतो तो चालतो), ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम बोरोहायड्राइड. सगळी एआर ग्रेडची, म्हणजे तपासणीच्या कामाची शुद्ध, अशीच घ्या.

सामान: मॅग्नेटिक स्टिरर, नवीन किंवा फक्त याच कामाला ठेवलेले स्टिरिंग बार, ५० मिलीचे कोनिकल फ्लास्क, १०० आणि १००० मायक्रोलिटरचे मायक्रोपिपेट, चार दशांशाचा तराजू, बर्फ, अॅल्युमिनियम फॉइल. नायट्राइल ग्लोव्ह्ज आणि गॉगल तर हवेतच.

कागदपत्रं: केमिकल कॉलेजच्या नावावरच मागवा, त्यासाठी गाइडच्या सहीचा इंडेंट (मागणीपत्र) आणि कोटेशन्स लागतात, आणि हे करायला दोन-तीन आठवडे सहज जातात तेव्हा प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी इंडेंट टाका. नंतर कॅरॅक्टरायझेशनला, म्हणजे मशीनवर तपासायला, सॅम्पल पाठवताना गाइडचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र, भरलेला सॅम्पल फॉर्म आणि पैसे भरल्याची पावती लागते. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून फाइलला लावून ठेवा.

आणि एक. माझे मामा हुपरीला चांदीच्या कामात आहेत. त्यांनी मला लई प्रेमानं सांगितलं, "चांदीचं मीठ विकत कशाला आणतोस, इथली चांदी ॲसिडात विरघळव की!" तसं करू नका. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळताना तांबूस रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, तो फुप्फुसाला वाईट, शिवाय दागिन्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं, ते सगळं तुमच्या सोल्युशनमध्ये येतं. तसंही एका बॅचला, म्हणजे एकदा बनवायला, चांदी लागते पाव मिलिग्रॅमच्या आसपास. एक छोटी बाटली दोन वर्षांच्या पोरांना पुरून उरते.

२. काचेची भांडी (इथंच सगळ्यांचं चुकतं)

ही पायरी मी मोठी लिहिणार आहे, कंटाळू नका.

सुरुवातीला शेजारच्या लॅबमधल्या एका सीनियरनं सांगितलं, नॅनोचं काम म्हणजे भांडी ॲक्वा रेजियानं धुवायची. तो सोन्यावर काम करायचा, सोन्यासाठी ते बरोबरच आहे. मी पण तसंच केलं. फ्लास्क चकाचक दिसत होता, डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा खळबळून घेतला, रेसिपी शब्दाला शब्द पाळली, आणि सोल्युशन पिवळं झालं ते पिवळंच राहिलं. अर्धा तास, एक तास, जेवून आलो तरी पिवळंच. आठवड्यात आठ बॅच केल्या, आठही तशाच. मग एका संध्याकाळी रिकामा फ्लास्क खिडकीच्या उजेडात तिरका धरला तेव्हा तळाला एक अगदी फिकट पांढरट साय दिसली, बोटानं पुसली तर जाईना. ते सिल्व्हर क्लोराइड होतं. ॲक्वा रेजियात तीन भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आधीच्या बॅचची चांदी काचेला चिकटलेली होती, तिचं क्लोराइड झालं, ते पाण्यात विरघळत नाही आणि नायट्रिक ॲसिडमध्येही जात नाही.

तेव्हा चांदीसाठी नियम असा: भांडी निम्म्याला निम्मं पाणी घातलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवा, फ्यूम हूडमध्येच, रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग डिस्टिल्ड वॉटरनं सहा-सात वेळा. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडात ओतू नका. पांढरी साय बसलीच असेल तर हायपोच्या म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यानं निघते, पण तो हायपो पुढच्या बॅचला राहिला तर ती पण बिघडते, तेव्हा त्यानंतर पाण्यानं भरपूर धुवायचं. स्टिरिंग बारला विसरू नका, त्याच्या टोकाला काळी रेघ दिसली तर चांदी बसलीय समजा, ती रेघ पुढच्या बॅचमध्ये नको तिथं चांदी गोळा करते.

३. पाणी तपासा

आरओचं पाणी आणि डिस्टिल्ड पाणी एकच समजू नका, आरओमधून थोडं क्लोराइड येतंच. डिस्टिलेशन प्लांटमध्ये खार साठला असेल तर तिथूनसुद्धा येतं. तपासायची सोपी रीत: टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली पाणी घ्या, सिल्व्हर नायट्रेटचे तीन-चार थेंब टाका, मागे काळा कागद धरा. दुधाळ झाक आली तर ते पाणी बाद. तुलनेला शेजारी नळाचं पाणी घेऊन बघा म्हणजे फरक डोळ्यात बसेल. दुहेरी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी मिळालं तर तेच वापरा. माझ्या मते या कामात पाण्याइतकं महत्त्व कशालाच नाही, केमिकलच्या ब्रँडलासुद्धा नाही.

४. स्टॉक सोल्युशन्स

सगळी १० मिलीच्या हिशोबानं देतो (मिलीमोलर म्हणजे द्रावण किती घट्ट त्याचं माप):

- सिल्व्हर नायट्रेट १० मिलीमोलर: १७ मिलिग्रॅम. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात खराब होतं. हाताला लागलं तर दुसऱ्या दिवशी काळा डाग येतो आणि आठवडाभर जात नाही.
- ट्रायसोडियम सायट्रेट (डायहायड्रेट) ३० मिलीमोलर: ८८ मिलिग्रॅम. दर आठवड्याला नवीन करा, यात बुरशी धरते.
- पीव्हीपी ०.७ मिलीमोलर: २९,००० वाला असेल तर २०३ मिलिग्रॅम. सावकाश विरघळतो, फेस काढत हलवू नका.
- हायड्रोजन पेरॉक्साइड ३० टक्के: आहे तसाच, फ्रिजमधून.
- सोडियम बोरोहायड्राइड १०० मिलीमोलर: ३८ मिलिग्रॅम, बर्फात गार केलेल्या पाण्यात, वापरायच्या अगदी आधी.

बोरोहायड्राइडबद्दल थोडं जास्त सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती दमटपणा असतो माहितीच आहे, त्या दिवसांत याची बाटली उघडून दोन मिनिटं ठेवली तरी पावडरचे गठ्ठे होतात, गठ्ठा झाला म्हणजे त्यानं पाणी ओढलं आणि वजन केलेल्या ३८ मिलिग्रॅममध्ये खरं बोरोहायड्राइड किती हे सांगता येत नाही. म्हणून नवीन बाटली आली की लगेच कोरड्या छोट्या व्हायलमध्ये वाटून पॅराफिल्म लावून डेसिकेटरमध्ये ठेवा, आणि एका वेळी एकच व्हायल उघडा. पाण्यात विरघळवल्यावर ते सारखं हायड्रोजन सोडत राहतं, तेव्हा त्या सोल्युशनला झाकण घट्ट लावायचं नाही, एकदा आमच्याकडे झाकण उडून छताला लागलंय. जवळ बर्नर नको. आणि हे सोल्युशन थेट ३० टक्के पेरॉक्साइडमध्ये कधीच ओतायचं नाही.

५. आता बॅच लावा

फ्लास्कमध्ये २४.७५ मिली पाणी, त्यात सिल्व्हर नायट्रेटचा स्टॉक ०.२५ मिली. झालं २५ मिली, ०.१ मिलीमोलर. स्टिरर जोरात फिरवा, पाण्यात भोवरा दिसला पाहिजे. मग सायट्रेट १.५ मिली, पीव्हीपी १.५ मिली, पेरॉक्साइड ६० मायक्रोलिटर. क्रम हाच ठेवा. शेवटी बर्फातलं बोरोहायड्राइड १०० ते १५० मायक्रोलिटर एका दमात टाका. थेंब थेंब टाकलं तर सुरुवातीचे कण लहान-मोठे होतात आणि शेवटी चकत्या पण लहान-मोठ्या येतात.

टाकल्या टाकल्या फिकट पिवळं होईल, लिंबू सरबतासारखं. मग काहीच होत नाही. बारीक बुडबुडे येत राहतात, रंग तसाच. इथं नवीन माणूस घाबरतो आणि परत थोडं बोरोहायड्राइड टाकतो. टाकू नका, हात मागं घ्या आणि थांबा. साधारण अर्ध्या तासानं पिवळा गडद व्हायला लागतो आणि त्यानंतरचा खेळ काही सेकंदांचा असतो: केशरी, लाल, जांभळट, हिरवट करत निळं. माझी पहिली बॅच निळी झाली तेव्हा पावणेसात वाजले होते, लॅबचा शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता, त्याला पण हाताला धरून आत नेऊन दाखवलं, त्यानं विचारलं "ही चांदी हाय?" आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या फ्लास्ककडं बघत बसलो.

असं का होतं तेही समजून घ्या, व्हायवाला विचारतातच. बोरोहायड्राइड चांदीचे बारीक कण करतं. पेरॉक्साइड त्यातले कच्चे कण परत विरघळवतं, आणि ज्यांच्या आत अणूंचे थर रचताना सपाट दोष (ट्विन) पडलेला असतो असे टिकतात. सायट्रेट चकतीच्या वरच्या-खालच्या सपाट बाजूला चिकटतं, त्यामुळं जाडी वाढत नाही आणि चांदी कडेनं बसत जाते. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की सायट्रेटच्या जागी तशीच दुसरी कार्बोक्सिलेटं चालतात, पेरॉक्साइडशिवाय मात्र अडतं. म्हणून पेरॉक्साइड जुनं नको, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

ही मूळ पद्धत अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मेत्रो आणि मर्किन यांची, २००५ ची. त्यात बोरोहायड्राइड वाढवत नेलं तशी चकतीची जाडी साधारण ७ वरून ४ नॅनोमीटरपर्यंत खाली आली. म्हणजे जास्त पातळ हवं तर बोरोहायड्राइड वाढवायचं. १०० पासून १० मायक्रोलिटरनं वाढवत सहा फ्लास्कची एक रांग लावा, एकाच दिवशी, एकाच स्टॉकमधून. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या बॅचची तुलना करू नका, मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी लॅबचं टेंपरेचर किती वेगळं असतं ते वहीत लिहाल तेव्हा पटेल.

६. चुकलं तर कुठं बघायचं

पिवळंच राहिलं: क्लोराइड, नाहीतर जुनं पेरॉक्साइड. लगेच राखाडी-काळपट झालं: भांडं घाण, किंवा सायट्रेट टाकायला विसरलात (मी दोनदा विसरलोय, तेव्हापासून टाकलं की वहीत टिक करतो). रंगच गेला, पाण्यासारखं झालं: बोरोहायड्राइड मेलेलं आणि पेरॉक्साइडनं सगळी चांदी परत विरघळवली. निळं झालं पण दुसऱ्या दिवशी जांभळं: त्रिकोणाची टोकं झिजली, बहुतेक ज्या बाटलीत भरलं ती नळाच्या पाण्यानं धुतलेली होती.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वैतागून पाचही सोल्युशन्स नवीन केली आणि बॅच जमली तर चूक कशात होती ते कधीच कळत नाही आणि पुढच्या महिन्यात परत तिथंच अडकता.

७. खरंच पातळ झालंय का?

निळा रंग आला म्हणजे चपट्या चकत्या झाल्या एवढंच. किती पातळ, ते रंगावरून सांगू नका, कारण रंग जाडी आणि रुंदी दोन्हीवर आणि टोकं किती तीक्ष्ण आहेत त्यावरही अवलंबून असतो.

आधी यूव्ही-व्हिजिबल, म्हणजे सोल्युशन कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश शोषतं त्याचा आलेख; त्यातल्या उंचवट्याला पीक म्हणतात. हे मशीन बऱ्याच सायन्स कॉलेजांमध्ये असतं. गोल कणांचा पीक ४०० नॅनोमीटरच्या आसपास येतो, चकत्यांचा मोठा पीक ६०० ते ८०० मध्ये, आणि ३३५ च्या आसपास एक बारीक टोकदार पीक दिसला पाहिजे. हा छोटा पीक बघायला बरेच जण विसरतात, स्कॅन ३५० पासूनच सुरू करतात. ३०० पासून सुरू करा.

मग एक्सआरडी, म्हणजे एक्स-रे टाकून अणूंची रचना बघणं. काचेवर थेंब वाळवला की चकत्या आडव्या पडतात, म्हणून ३८.१ अंशाचा पीक फार मोठा आणि बाकीचे दबलेले येतात. त्यात चूक काही नाही, उलट चकत्या असल्याची खूण आहे.

जाडीचा खरा पुरावा टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं शिक्षण आणि सामायिक उपकरणांचं केंद्र आहे, तिथं कुठली मशीन चालू आहे ते आधी चौकशी करा. बाहेर पाठवायचं तर आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (बाहेरच्यांसाठीही खुलं असलेलं उपकरण केंद्र) टीईएमची सोय आहे, आणि देशभरातल्या उपकरणांसाठी आय-स्टेम पोर्टल आहे. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून सबमिशनच्या शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. सॅम्पल दोनदा सेंट्रिफ्यूज करून धुवा, तिसऱ्यांदा नको, पीव्हीपी फार निघून गेला की चकत्या एकमेकींना चिकटतात. फॉर्मवर "चकत्या उभ्या दिसतील अशी जागा शोधून फोटो घ्यावा" असं स्पष्ट लिहा. आडवी पडलेली चकती फक्त त्रिकोण दाखवते, जाडी मोजायला ती कडेवर उभी, चवड लागल्यासारखी सापडावी लागते. मी हे लिहिलं नव्हतं, चाळीस सुंदर त्रिकोण आले आणि जाडीचा एकही आकडा नाही, परत पैसे भरले. अजून एक, ईडीएसमध्ये (सॅम्पलमध्ये कुठली मूलद्रव्यं आहेत ती तपासणी) तांबं दिसलं तर घाबरू नका, ते बहुतेक सॅम्पल ठेवायच्या जाळीचं, म्हणजे ग्रिडचं असतं.

८. वापर: लॅबमध्येच करता येण्यासारखा

सगळ्यात सोपा प्रयोग ४-नायट्रोफेनॉलचा. त्यात ताजं बोरोहायड्राइड भरपूर टाकलं की गडद पिवळं होतं, पीक ४०० ला. नुसतं ठेवलं तर तसंच राहतं. आपल्या चकत्यांचे थोडे थेंब टाकले की पिवळा उतरत जातो आणि ३०० च्या आसपास नवीन पीक उगवतो, म्हणजे ४-ॲमिनोफेनॉल झालं. दर मिनिटाला स्कॅन घेऊन ठेवा, कायनेटिक्सचा आख्खा चॅप्टर होतो. नायट्रोफेनॉल विषारी आहे, ग्लोव्ह्ज घालूनच.

दुसरा, ज्या क्लोराइडनं मला रडवलं त्याचाच वापर: निळ्या सोल्युशनमध्ये मिठाचं पाणी वाढत्या प्रमाणात टाकून पीक किती डावीकडं सरकतो ते मोजा. त्रिकोणाची टोकं झिजतात तसा पीक कमी वेव्हलेंग्थकडं येतो. पुढं जाऊन चकतीच्या कडेला सोन्याचा पातळ थर चढवला की ती क्लोराइडमध्येही टिकते, हे लोकांनी केलेलं आहे, पीएचडीवाल्यांना चांगला धागा आहे. तीक्ष्ण टोकांमुळं रामन सिग्नल (लेसरच्या प्रकाशानं रेणू ओळखायची पद्धत) वाढतो, तोही वापर मोठा आहे.

जंतूंवर पण चालतात, २००७ मध्ये ई. कोलाय या जिवाणूवर त्रिकोणी चकत्या गोल कणांपेक्षा जास्त चालल्याचं दाखवलं गेलं. पण म्हणून कुणी हे पिऊ नका, जखमेला लावू नका, घरी नेऊ नका. शरीरात चांदी साठली की कातडी निळसर-राखाडी होते आणि ती परत उजळत नाही.

९. ठेवणं आणि टाकणं

निळं सोल्युशन फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवा आणि वापरायच्या दिवशी आधी स्कॅन काढा. पीक सरकला असेल तर जुन्या आकड्यांवर पुढचं काम करू नका.

टाकाऊ सोल्युशन बेसिनमध्ये ओतायचं नाही. आपल्या गटारांचं पाणी शेवटी कुठं जातं ते पंचगंगेच्या काठावर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहिती आहे, आणि चांदी माशांना, पाण्यातल्या जिवांना फार कमी प्रमाणातसुद्धा मारक असते. "चांदीचा वेस्ट" अशी चिठ्ठी लावलेली वेगळी बाटली ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत झाकण सैल ठेवा, पुरेसं साठलं की मीठ टाकून ठेवा, क्लोराइड खाली बसतं, ते गाळून कॉलेजच्या धोकादायक कचऱ्यात द्या. त्या बाटलीत अमोनिया कधीही टाकू नका. चांदी आणि अमोनियाचं मिश्रण साठवून ठेवलं तर त्यातून स्फोटक तयार होतं, वाळल्यावर नुसत्या धक्क्यानं फुटतं.

पहिल्या दोन-तीन बॅच बिघडतील, बिघडू देत, पण प्रत्येकीची वेळ, टेंपरेचर, बोरोहायड्राइडची व्हायल कुठली आणि रंग कधी बदलला हे वहीत लिहा. कुठं अडलात तर विचारा, फक्त विचारताना भांडी कशानं धुतली ते आधी सांगा.